माझा मांत्रिक आता एकट्याने भूत बोलावू शकत नाही

मंडळी, आज तारकर्लीत आमच्या पडवीत, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन राक्षसांशी लढायच्या फाशांच्या खेळात, मी बनवलेला मांत्रिक पहिल्यांदा खेळून बघितला. त्याचं काम एकच, भुतं बोलावून लढायला लावणं.

बोलावली पाच. मग पाचांचेही फासे मीच टाकत बसलो. मित्र गौरेशने मोबाईल काढला. "तुजीच भुतां लढतत. आमी काय नुसते बघूक इलंव?"

राग आला. कित्येक महिने खपलो होतो यावर!

बहीण स्वप्ना म्हणाली, "अरे, देवाक गाऱ्हाणां एकटो घालता, पण 'होय म्हाराजा' सगळे म्हणतत मा?"

तिथल्या तिथे नियम बदलला. हाक मी मारायची. जो 'होय म्हाराजा' म्हणेल, त्याच्या हाती एक भूत. कोणीच म्हटलं नाही, तर कोणीच येणार नाही.

पुढच्या लढाईत स्वप्ना ओरडली, गौरेश गप्प. राक्षसाने त्याचा योद्धा आडवा केला, तेव्हा मोबाईल टाकून 'होय म्हाराजा' असा ओरडला की शेजारची काकी धावत आली. "कसलां गाऱ्हाणां घालतास रे?"

मांत्रिक कमजोर झाला म्हणाल. होऊ दे, नियम हाच राहणार.

तुम्ही हाक मारलीत, तर तुमच्या टेबलावर 'होय म्हाराजा' कोण म्हणेल?