भांगाचं वेळापत्रक

आमच्या ह्यांनी आपलं गणित गंजलंय हे आधीच कबूल केलं असतं, तर माझा निम्मा ताप वाचला असता. नाव घ्यायचं तर हरेश्वर. थळच्या कोळीवाड्यातले पहिले बी.ए., गावच्या शाळेत मास्तर. अठ्ठावन्न साली ह्यांच्या डोक्यात शिरलं, की मुंबईला जाऊन संख्याशास्त्र शिकायचं. त्यासाठी पदवीवाल्यांना प्रवेश परीक्षा, तीत गणिताचा पेपर आणि वयाची अट तिशीच्या आतली. श्रावणात ह्यांना तीस पुरी होणार होती. म्हणजे मे अखेरची परीक्षा हीच पहिली आणि हीच शेवटची.

मॅट्रिकनंतर गणिताला हात लावला नव्हता. शिमगा झाल्यावर पुस्तक उघडलं, तर साधं समीकरण सुटेना. पोरांना त्रैराशिक शिकवणारा माणूस बीजगणितापुढे घामाघूम. राग स्वतःवर, आणि ताट आपटायचं माझ्यापुढे.

मग भिंतीवर कोळशानं वेळापत्रक लिहिलं. पहाटे बीजगणित, संध्याकाळी भूमिती. अहो, कोळ्याच्या घरात घड्याळ बघून काही होतं का कधी? होडी येते भरतीबरोबर, आणि भरती रोज पुढे सरकते. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ऐन बीजगणितात होडी लागली. दीर कान्हाभावोजींनी हाक मारली, की हे निघाले टोपल्या उचलायला. वेळ बदलली, तर आठवड्यात भरती तिथंही हजर.

शेवटी मीच म्हटलं, अभ्यास भांगात करा. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. पाण्याला ओढ नसते, जाळी टाकून उपयोग नाही, होड्या किनाऱ्याला. हे खूश झाले. भिंत पुसून भांगाचं वेळापत्रक लिहिलं.

दोघंही मूर्ख! भांगात आपण मोकळे, तर अख्खा कोळीवाडाच मोकळा. साखरपुडे भांगात, पंचांची बैठक भांगात, राखून ठेवलेली भांडणंसुद्धा भांगात. आणि सगळीकडे मास्तर हवेत. पुस्तक उघडलं की दारात माणूस उभा. मी दारातूनच लोकांना पिटाळायला लागले, तर सासूबाई गावभर सांगत सुटल्या, की सून माणसं तोडते.

त्यात कळस म्हणजे, नामाकाकांनी मुलीचं लग्न काढलं. अर्थातच भांगात, आणि नेमकं परीक्षेच्या दिवशी! सासरे वारल्यावर ह्यांना शिकवलं ते ह्या काकांनी. त्यांना सांगायची ह्यांची छाती होईना. म्हणाले, "जाऊ दे तुळशी, नाही देत परीक्षा." माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि मीच काकांकडे जाऊन सगळं सांगून आले. दुसऱ्या दिवशी काकांनी भटजींकडून मुहूर्त फिरवून आणला, आठवडाभर पुढचा. ऐन उधाणातला, म्हणजे पाण्याला जोराची ओढ आणि जाळी भरायचे दिवस.

उधाणात लग्न! मासळी समोरून चाललीय आणि साऱ्या होड्या बांधलेल्या. लोक जेवले, पण मला शिव्या देत जेवले. हे तोवर मुंबईला पेपर देऊन आले होते. काकांनी सगळ्यांसमोर ह्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं.

निकाल पावसात आला. बाकी सगळ्यात पास, गणितात नापास. मला रडू आलं नाही, रागच आला. गणिताचा, भरतीचा, त्या वयाच्या अटीचा आणि ह्यांचासुद्धा. सांगायला मात्र काकांकडे जावंच लागलं, आणि ह्या वेळी दोघं गेलो.

काका जाळं विणत होते. हात न थांबवता म्हणाले, "बरं. पुढची कधी हाय? माघात धाकट्या पोराचं लगीन काढतोय. त्ये बी उधाणात ठेवतो."

हे जाळ्याचं दुसरं टोक सरळ करायला लागले. परीक्षेचं वय संपलंय हे त्या माणसाला सांगायचं कसं? मग मीच म्हटलं, "नको काका. भांगातच ठेवा."