शुक्रवारचं पान

पाणमोट फुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून मुरुक्कू खात होते. पायाखाली कोमट पाणी पसरलं आणि मला वाटलं, बाटली सांडली. मी ओट्यावर बाटली शोधायलासुद्धा लागले. सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांच्या चुका हुडकून पगार घेणारी मी, आणि स्वतःच्या अंगातून पाणी जातंय हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं! मग मात्र मी घाबरले.

कारण आमचं बाळ पायाळू होतं. डोकं वर, पाय खाली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मला आणि सासूबाईंना समोर बसवून दोनदा बजावलं होतं: नुसत्या कळा आल्या तर आधी फोन करा, पण पाणी गेलं तर आधी घराबाहेर पडा, फोन वाटेत. अशा बाळाच्या पायांशेजारून नाळ खाली घसरू शकते, आणि नाळ दाबली गेली की बाळाचा श्वासच दाबला गेला म्हणायचं. एक मिनिटही घरात थांबायचं नाही. सिझर पुढच्या बुधवारी ठरलेलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवस सुचवले होते, त्यातला बुधवार सासूबाईंनी ज्योतिषाला दाखवून पक्का करून आणला होता, तोही मिनिटासकट. चेन्नईत हे सर्रास चालतं, डॉक्टरांनाही त्याचं काही वाटत नाही. मला मात्र भयंकर चीड यायची. "पोरगं काय घड्याळ घालून बसलंय का आत?" असं मी फणकाऱ्यानं म्हटलंही होतं.

सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या तिकडेच गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी जुनी, हेल तमिळ. मला 'गे' म्हणून हाक मारतात, मुलाला लेंकरू म्हणतात. मी सांगलीची; लग्नानंतर पहिले दोन महिने मला त्यांचं बोलणं ऐकून हसू आवरायचं नाही, आणि माझं बोलणं ऐकून त्या दचकायच्या. मी भांडते आहे असंच त्यांना वाटायचं. मी त्यांना अत्तै म्हणते, इकडे सासूला म्हणतात तसं. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. एकदा एका मुलीला बेरजेत चुकून अर्धा मार्क जास्त गेला, तर ह्या बाई उन्हातून चालत तिच्या घरी गेल्या, तो कमी करायला. खोटं त्यांच्या जिभेवर कधी आलंच नाही. माझी भाजी बिघडली तरी "बरी झाली" एवढंसुद्धा म्हणायच्या नाहीत, मुकाट्यानं ताक ओतून घ्यायच्या.

आणि राहुकाळ. दिवसातला दीड तास, रोज वेगळ्या वेळी. त्या दीड तासात त्या उंबरा ओलांडत नाहीत. दाराशेजारी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असतं. आंघोळ झाली की त्या पान फाडतात आणि नवीन पानावरची राहुकाळाची वेळ मोठ्यानं वाचतात. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी ते ऐकत आले होते आणि रोज कान बंद करत आले होते.

तर त्या सकाळी मी हाक मारली. अत्तै आल्या, फरशीकडे बघितलं आणि बॅग उचलली. मुलाला फोन केला, "थेट हॉस्पिटलांत ये," आणि ठेवून दिला. त्या आठवड्यात नवऱ्याचं शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात काहीतरी मोठं काम चाललं होतं, सुट्टीच्या दिवशीही त्याला जावं लागायचं. मी दोन आठवडे रजेवर. घरात बसून बसून वार कुठला हेच कळेनासं झालं होतं.

दारात मी चपला घातल्या, आणि नजर कॅलेंडरवर गेली. वाराचं नाव तमिळ अक्षरांत, ते मला वाचता येत नाही. आकडे तेवढे येतात. राहुकाळ, साडेदहा ते बारा. दारावरच्या घड्याळात अकराला दहा कमी होती.

मी चपलांच्या कपाटावर बसले.

आजही मला हे लिहिताना माझीच शरम वाटते. ज्योतिषाला नावं ठेवणारी मी. कुणाच्या बापाचं न ऐकणारी मी. आणि मी म्हणाले, "अत्तै, बारापर्यंत थांबू या."

दोन वर्षांपूर्वी मला पाचवा महिना होता. अशीच तपासणी होती. अत्तै म्हणाल्या होत्या, "बारा वाजूं दे गे, मग जा." मी हसले होते. हसत हसत, त्यांच्यासमोर मुद्दाम हात हलवून पावणेअकराला घरातून निघाले होते. तिथं त्या काळ्या पडद्यावर बाळाचं हृदय दिसलं नाही. तपासणाऱ्या बाईंनी पडदा माझ्यापासून फिरवून घेतला, तेव्हाच मला कळलं. दोष राहूचा नव्हता हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. अत्तै तर त्यानंतर अवाक्षर बोलल्या नाहीत, ना टोमणा, ना उसासा. पण मी? मी रोज बोलत होते, मनातल्या मनात. सव्वा तास थांबली असतीस तर तुझं काय गेलं असतं, बये?

तर मी कपाटावर बसले आणि दोन्ही हातांनी त्याची कड धरली. पोटात एक कळ आली आणि गेली. आत बाळानं पाय मारला, खाली, अगदी खाली. डॉक्टरांचं 'एक मिनिटही नाही' मला शब्दन्‌शब्द आठवत होतं आणि मी हलत नव्हते. मी एवढी घाबरले होते की कशाला घाबरते आहे हेच मला समजेना. घरात थांबले तर नाळ, बाहेर पडले तर राहू. मी नुसतं "बारा, बारा" करत होते.

अत्तैंनी माझ्याकडे बघितलं. मग कॅलेंडरकडे. दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी टर्रकन ते पान फाडलं.

"हें काल्चें," त्या म्हणाल्या. "सकाळीं फाडायला विसरलें. आज शनिवार. शनिवारीं नऊ ते साडेदहा. राहू केव्हांच गेला. ऊठ गे, ऊठ!"

नव्या पानावर आकडे होते, नऊ ते साडेदहा. माझ्या अंगातला सगळा ताठपणा एकदम सैल झाला. मी उठले.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले अत्तै माझ्या पुढे उलट्या उतरल्या, एका हातात बॅग, दुसरा माझ्या कमरेला, काखेत उशी. नाक्यावरची रिक्षा त्यांनी अक्षरशः अंगावर जाऊन थांबवली. मला मागच्या सीटवर आडवं केलं, कमरेखाली उशी कोंबली, डोकं मांडीवर घेतलं. माझे पाय रिक्षाबाहेर. अड्यारच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाई माझ्या पावलांकडे डोळे फाडून बघत होत्या. एवढ्या घोळातही मला वाटलं, नखं तरी कापायची.

रिक्षावाला मागे वळून अत्तैंना काहीतरी म्हणाला. माझं तमिळ भाजीवालीपुरतं. मला त्यात फक्त 'राहु' एवढं कळलं. अत्तै त्याच्यावर अशा खेकसल्या की मी आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या बाई कचरा नेणाऱ्यालासुद्धा 'अहो' म्हणतात.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"राहू संपला, चांगल्या वेळीं निघालां, म्हणतो," अत्तै म्हणाल्या आणि माझ्या कपाळावर हात दाबून धरला.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी माझ्या बगलेत हात घालून मला उचललं आणि "अय्यो" म्हणाल्या. मग सगळं भराभर झालं. कुणीतरी विचारलं, शेवटचं काय खाल्लं. मी म्हणाले, मुरुक्कू. कुणीतरी माझी अंगठी काढून घेतली. नर्सनं तपासलं, तिचा चेहरा एकदम बदलला आणि ती धावली. चालत नाही, धावली. त्यानंतर पाठीत सुई, कमरेखाली काही नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवं कापड. कापडापलीकडे बायका खालच्या आवाजात भराभर बोलत होत्या. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त म्हणत होते, शनिवार आहे, शनिवार आहे, राहू गेला.

मग एक रडणं ऐकू आलं, चिडलेलं, कर्कश. सांगलीचंच.

डॉक्टरीणबाई कापडावरून वाकल्या. "नाळ खाली उतरायला लागली होती," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलात. घरी आणखी तासभर बसला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

तासभर! अकराला दहा कमी ते बारा. तेवढाच मी मागितला होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि कमरेखाली मला काहीच जाणवत नव्हतं त्यामुळे तो अर्ध्याच अंगावर आला.

नर्सनं बाळ माझ्या गालाशी आणलं. मुलगी. भिंतीवरच्या घड्याळात अकरा सदतीस झाले होते. नर्स खुशीत होती. "वेळ्ळिक्किळमै!" ती म्हणाली. "महालक्ष्मी वंदाच्चु!"

लक्ष्मी आली, हे कळलं. पण पहिला शब्द? तो तर मला पाठ होता. ऑफिसात सगळे सोमवारपासून त्याचीच वाट बघत असतात. वेळ्ळिक्किळमै म्हणजे शुक्रवार.

मी तिला पुन्हा विचारलं. ती हसली आणि बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवरची तारीख दाखवली. शुक्रवार. अकरा सदतीस. भर राहुकाळात आम्ही उंबरा ओलांडला होता, आणि भर राहुकाळात ही जन्मली होती. अर्ध्या मार्कासाठी उन्हातून चालत जाणारी बाई माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली होती.

संध्याकाळी नवरा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा अत्तै स्टुलावर जरा वाकड्याच बसल्या होत्या.

"अत्तै, आज शुक्रवार आहे."

"हो."

"तुम्ही शनिवार म्हणालात."

"हो."

"आणि रिक्षावाला काय म्हणाला होता?"

"राहूंत कोठें निघालां, म्हणाला. मेला."

मला हसू आलं आणि टाके दुखले, आणि मग मी रडायलाच लागले. "मला ओढून न्यायचं ना सरळ! खोटं कशाला बोललात?"

अत्तैंनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "ओढून नेली असती, आणि वाटेंत काही झालें असतें, तर?" त्या म्हणाल्या. "मागल्या वेळीं तू स्वतःला लावून घेतलेंस. मी पाहिलें गे. दोन वर्षें पाहिलें. तुला काय सांगावें तें मला कळलें नाही. म्हणून आज तुला कळूंच दिलें नाही. उंबऱ्यावर मनांत सांगितलें, ही येत नाही, हिला मी नेतें. काय विचारायचें तें मला विचार."

हे त्यांनी कुणाला सांगितलं, ते मी विचारलं नाही. मला आधी त्यांचा रागच आला, दोन वर्षं सगळं बघून एका घरात गप्प राहिल्या म्हणून. मग लक्षात आलं, मीही गप्पच होते. आणि सगळ्यात मोठा धक्का मला नंतर बसला, रात्री दूध पाजताना. अत्तैंचा राहूवरचा विश्वास काही उडाला नव्हता. तो उडाला असता तर पान फाडणं सोपं होतं. त्यांचा पुरता विश्वास होता, आणि तरी त्यांनी ते फाडलं.

पाचव्या दिवशी घरी आलो. दाराशेजारी अजून शनिवारचंच पान लटकत होतं. अत्तैंनी आंघोळ करून उरलेली पानं फाडली, पण वाकून वाकून, भिंतीला धरून. मला रिक्षातून उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती. मुलानं डॉक्टरची वेळ घेतली, त्यांनी ती मोडली. मलम आणलं, त्याचं झाकणही उघडलं नाही. त्या वेदनेनं दात आवळायच्या आणि म्हणायच्या, "असूं दे."

मग मला आमच्याकडचं आठवलं. सांगलीत कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणतात आणि त्याचा पाय पाठीला लावून घेतात. माझा विश्वास? आता माझं मलाच सांगता येत नाही. पण घरात पायाळू होती, आठ दिवसांची, पाय झाडत. अत्तै खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी तिला दोन्ही हातांनी धरून त्यांच्या पाठीशी नेलं आणि म्हणाले, "अत्तै, हलू नका, नात उसण काढते तुमची."

त्या गर्रकन वळल्या. एवढ्या दुखण्यात त्या इतक्या चपळ वळतील असं मला वाटलं नव्हतं.

"नकों गे," त्या म्हणाल्या. "राहूनें एवढेंच घेतलें. स्वस्तांत सुटलों. हें काढून टाकलें तर तो दुसरें काही मागेल."

एरवी मी वाद घातला असता. मी पोरीचे पाय मागे घेतले आणि तिला त्यांच्या हातात दिलं.