तारखेच्या दिवशी पाणी

तालुक्याच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईंपुढे मी पाण्याची बाटली धरली. ओठ पार सुकले होते त्यांचे. तरी त्यांनी मान हलवली.

"नको ताई. पाणी प्यायलं की जावं लागतं. इथं बायकांच्या संडासाला कुलूप असतं. मागच्या तारखेला एसटी स्टँडवर जाऊन येईस्तोवर माझ्या नावाचा पुकारा होऊन गेला."

नवऱ्याने घराबाहेर काढलं म्हणून चार वर्षं त्या इथे खेपा घालताहेत.

माझं डोकंच फिरलं. कायद्यापुढे सगळे समान, असं आम्ही शाळेत घोकलं. मग त्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात आहे? जगभर मानवी हक्कांवर परिषदा भरतात, तिथे प्रत्येक वक्त्यापुढे पाणी ठेवलेलं असतं. आणि इथे हक्क मागायला आलेली बाई सकाळपासून तहान मारून बसते. याला छळ म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही!

पाच वाजत आले तेव्हा पुकारा झाला. त्या लगबगीने आत गेल्या आणि मिनिटभरात बाहेर आल्या. पुढची तारीख मिळाली होती.

पायऱ्या उतरताना त्यांनी हात पुढे केला.

"द्या ताई, आता पाणी. आता काही कुणी पुकारत नाही."