टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर

गायकाने माइक पब्लिककडे वळवला की माझं डोकं सटकतं. अरे, आम्ही तुझा आवाज ऐकायला बसलोय ना? ती हजारभर माणसं माझ्याइतकीच बेसूर, त्यांना कशाला गायला लावतोस? कॉलेजपासून मी एकाच परदेशी रॉक बँडसाठी वेडा आहे आणि त्यांच्या लाइव्ह कार्यक्रमांची मिळतील तेवढी रेकॉर्डिंग जमवली आहेत. त्यातली निम्मी ऐकवत नाहीत. कंपनीने काढलेली इतकी धुऊनपुसून काढतात की टाळ्यासुद्धा नंतर चिकटवल्यासारख्या वाटतात. श्रोत्यांनी गुपचूप केलेली असली तर त्यात एक महाभाग हमखास असतो. गिटारचा हळुवार तुकडा सुरू झाला की याला नेमका तेव्हाच कंठ फुटतो.

"मग ऐकताय कशाला?" बायको विचारते. तिला काय सांगणार! वाजवणाऱ्याच्या बोटांतून एखाद्या दिवशी असं काही निघतं की ते पुन्हा निघत नाही. आणि त्याच वेळी तो गाढव बोंबलतो.

हे सगळं मी तावातावाने सांगतो. माझ्याकडच्या एका कॅसेटबद्दल मात्र वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या कॉलेजात चौघांचा एक बँड होता. त्यातला गिटारवाला माझा मित्र, हुपरीचा. घरी चांदीच्या पैंजणांचं काम. हा गिटार घेऊन एसटीने यायचा आणि कंडक्टर म्हणायचा, "पावणं, ह्येचं बी तिकीट काढा की." गॅदरिंगला त्यांनी स्वतः बांधलेलं गाणं वाजवलं. मागची पोरं हिंदी गाण्यांसाठी दंगा करत होती. मी पहिल्या रांगेत घरचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. शेवटी मित्राने एकट्याने वाजवायचा तुकडा आला, मिनिटभराचा. तसं मी आजवर कुठल्याही लाइव्हमध्ये ऐकलेलं नाही.

कॅसेटवरही ते ऐकू येत नाही. तुकडा सुरू होताच "नाद खुळा! नाद खुळा मर्दा!" अशी आरोळी, मग शिट्टी, मग पुन्हा "नाद खुळा", ते थेट गाणं संपेपर्यंत. आवाज माझाच. टेपपासून तोंड हातभरसुद्धा लांब नव्हतं.

त्याच वर्षी त्याच्या वडिलांची नजर अधू झाली. हा कामाला बसला, गिटार विकली. मधूनमधून कॅसेट मागायचा आणि मी खराब झालीय म्हणून टाळायचो. परवा त्याचा फोन आला. "लेका, कशी का आसंना, घिऊन ये. पोरगी गिटार शिकालीय. बापानं स्टेजवर एकट्यानं वाजीवलंय म्हटलं तर हसतीया."

आता आली का पंचाईत! कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि माझा आवाज काढण्यात आठवडा घालवला. मला काढलं की गिटारही जायची, गिटार ठेवली की मी परत बोंबलत हजर. इतका राग मला त्या परदेशी महाभागांचाही कधी आला नव्हता. शेवटी होतं तसं पेनड्राइव्हमध्ये घातलं आणि हुपरी गाठली.

पैंजणांचे तुकडे बाजूला सारून त्याने स्पीकर ठेवला. पोरगी समोर मांडी घालून बसली. गाणं सुरू झालं, चाललं, आणि मग माझं सुरू झालं. मी जमिनीकडे बघत राहिलो. मित्राने डोळे मिटले होते. त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर भराभर हलत होती, मध्ये कुठेही न अडखळता. मला वाटलं, याला तरी सगळं ऐकू येतंय.

गाणं संपलं. पोरगी अजून स्पीकरकडेच बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमी एकट्यानं वाजीवलेलं कवा येणार?"