दाराबाहेरचा स्टूल

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावात मी नर्स होते. आरोग्य उपकेंद्राला लागूनच दोन खोल्यांचं क्वार्टर. नवरा नोकरीसाठी नागपूरला, घरात मी आणि सहा वर्षांची लेक. गावात मान भरपूर होता, पण चहाला म्हणून कुणी टेकायचं नाही. मीही कुणाकडे जात नसे.

आम्हा नर्सांच्या तोंडी तेव्हा एकच विषय, हगवण. मीठ-साखरेचं पाणी शिकवायचं आणि उघड्यावर बसू नका म्हणून कानीकपाळी ओरडायचं. गावातली पोरं मात्र घोळक्यानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायला जात आणि खिदळत परत येत. माझी लेक त्यांच्यामागे निघाली की मी हात धरून ओढून आणायची. नर्सबाईची पोर पाळीवर? तिच्यासाठी क्वार्टरमागे संडास होता, अंधारा, जाळ्यांनी भरलेला. तिथं ती एकटी जायची आणि लगेच बाहेर यायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

मग तिची चड्डी रोज खराब व्हायला लागली. थोडं थोडं, पातळ. मी ठरवूनच टाकलं, हगवण. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, जुलाब थांबवायचं औषधही दिलं. पोट फुगलं, जेवण तुटलं, वर्गातली मुलं नाक धरून लांब बसू लागली. दिवाळीला नवरा आला आणि म्हणाला, "तुह्याच्यानं जमत नाई. उन्हाळ्यापर्यंत बरी नाई झाली, तर मी हिले माह्या मायजवळ ठेवतो, ब्रह्मपुरीले." ती गेली तर त्या दोन खोल्यांत मी बोलणार कुणाशी?

मी तिला ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचं पोट चाचपलं आणि माझाही हात तिथे नेला. आत कडक गोळा. "सिस्टर, हे हगवण नाई. मळ अडकून राह्यला, अन् बाजूनं पातळ झिरपून राह्यलं. पोरगी दाबून धरते काऊन?"

अंधाऱ्या संडासाचं आणि जुलाब थांबवायचं औषध दिल्याचं मी खाली बघत सांगितलं. एवढ्या गावाला शहाणपण शिकवणारी मी!

आधी साफ करायचं औषध, मग रोज एक गोड पातळ औषध आणि एक पुडी. पुडीत पचनाला मदत करणारे चांगले जंतू आणि त्यांचं खाणंही. "पुडीचा उपयोग झाला तर झाला," डॉक्टर म्हणाले, "पण पातळ औषध मी सांगेपर्यंत बंद करू नोका. जेवल्यावर दहा मिनिटं बसवत जा. भेव जाऊ द्या तिचं."

मी जाळी झाडली, दाराला फट ठेवली आणि बाहेर माझ्या उपकेंद्राच्या दवाखान्यातला स्टूल मांडला.

"आई, आहेस का?" आतून यायचं.

"आहो वं, इथीच आहो."

मग तिच्या गोष्टी सुरू व्हायच्या. हललेला दात, बाईंनी मारलेली छडी, शेजारची खुडूक कोंबडी. मीही माझं सांगायची, तिला न कळणारंसुद्धा. रोज दोनदा, कितीतरी महिने. त्या गावात मी इतकं कुणाशीच बोलले नव्हते.

जूनमध्ये नवरा आला तेव्हा ती मुलांच्या घोळक्यात शाळेतून येत होती. ब्रह्मपुरीचं नाव त्यानं काढलं नाही. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी सवयीनं स्टूल उचलला. ती म्हणाली, "आई, तू बसू नोको. मले येते आता." दार लागलं, आतून कडी वाजली. मी तिथंच उभी राहिले. आत अगदी शांत. शेवटी मीच विचारलं, "आहेस का वं?"

आतून हसू आलं. "जाय ना आई."

मी स्टूल दवाखान्यात नेऊन ठेवला.