चुलीवरचा कोको

सामोआतल्या एका कोर्टात फुआतिनो वीस वर्षं निकालपत्रं टाइप करत आली होती. त्यांत एक वाक्य वरचेवर यायचं: 'मृताच्या कुटुंबाने आरोपीला क्षमा केली आहे.' पूर्वी तिची बोटं त्यावरून सरसर जायची. गेली चार वर्षं ती नेमकी तिथेच अडखळत होती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने कायद्याच्या वर्गाचा अर्ज आणला. उद्या शेवटचा दिवस. अर्जावर घराण्याच्या मताईची, म्हणजे प्रमुखाची, सही हवी होती आणि मताई होते तिचे थोरले दीर सेइउली. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला.

"या वयात शाळा?" खांबाला पाठ टेकून बसलेले सेइउली हसले. "बाकात मावशील का गं?"

"बाक मोडला तर तुम्हीच ठोकून द्याल, भावजी. आधी सही करा."

"आधी वाच. कायदा कशाला शिकायचाय, काय लिहिलंयस?"

ती समोर मांडी घालून बसली. "'माझा मुलगा इओसुआ सतरा वर्षांचा होता. दारू प्यालेल्या एका तरुणाच्या गाडीखाली तो गेला. आमच्या घराने त्या तरुणाला क्षमा केली. मला कोणी विचारलं नाही.'"

सेइउलींचं हसू मावळलं.

ती पहाट दोघांच्याही डोळ्यांपुढे उभी राहिली. इओसुआ गेल्याचा तिसरा दिवस. अंगणात तो तरुण आणि त्याच्या घरचे मान खाली घालून बसलेले. पुढे त्यांचा म्हातारा मताई, आणि त्याने डोक्यावरून अंगभर पांघरलेली बारीक विणीची जुनी चटई. मृताच्या घरच्यांनी चटई उचलली की क्षमा झाली, अशी तिथली रीत. सेइउली बराच वेळ ओट्यावर उभे राहिले, मग उतरले आणि त्यांनी ती उचलली. त्या सगळ्या प्रवेशात फुआतिनोच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. दुसऱ्या गावची सून, मताईपुढे काय बोलणार? पाहुण्यांना कोको देण्याचं काम तेवढं तिच्या वाट्याला आलं. ज्या हातांनी गाडी चालवली होती, त्या हातांत तिने पेला दिला. मानाची म्हणून ती चटई जपायला तिच्याच गादीखाली ठेवली गेली. पुढे कोर्टात क्षमेचं ते वाक्य म्हटलं गेलं तेव्हा ती मागच्या बाकावर गप्प बसली. शिक्षा निम्मी झाली.

"शेवटची ओळ काढ," सेइउली म्हणाले.

"का? खोटी आहे?"

"खोटीच आहे. मी विचारलं होतं."

"कधी? मला?"

"मी ओट्यावर एवढा वेळ का उभा होतो, वाटतं तुला? आत तू रडत होतीस, ते ऐकत होतो. रडणं थांबलं नसतं तर चटईला हात लावला नसता, पोरी. मग थांबलं. आतून कोकोचा वास आला. म्हटलं, पाहुण्यांसाठी भांडं चढवलं हिने. हिचा होकार आला."

फुआतिनोने कागद मांडीवर ठेवला.

"पाहुण्यांसाठी नव्हता हो तो," ती कशीबशी म्हणाली. "इओसुआ शाळेला निघायच्या आधी रोज त्याचा कोको चढवायचे मी. त्या दिवशीही चढवला. हाताला कुठे ठाऊक होतं?"

सेइउलींनी दोन्ही तळवे तोंडावर घेतले.

चार वर्षं ती त्या एका ओळीच्या आधाराने उभी होती. आता तिने ती खोडली आणि खाली लिहिलं, वाचूनही दाखवलं: "'आमच्या मताईंनी माझं उत्तर कोकोच्या वासावरून ओळखलं. ते माझं उत्तर नव्हतं.'"

"माझी अब्रू जाईल यात."

"माझीही जाईल, भावजी. चार वर्षं एका घरात राहून मी तरी तुम्हाला कुठे विचारलं?"

त्यांनी पेन घेतलं. सही वेडीवाकडी झाली. कागद परत देताना त्यांनी हळूच विचारलं, "ती चटई अजून गादीखालीच आहे?"

"आहे."

"झोप लागते तुला?"

फुआतिनोने कागदाची नीट घडी घातली.

"नाही," ती म्हणाली.