उशिरा आलेली भाषा

अखेरकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ऑफिसातल्या टवाळांनी ते त्यांना चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. शहरातल्या इंग्रजी दैनिकात गेलेल्या माणसांवर लिहायचं, हे त्यांचं काम. नामांकितांचे लेख आधीच तयार असायचे. धडधाकट माणसांचे मृत्युलेख, तारखेपुरती जागा मोकळी सोडून, त्यांच्या टेबलाच्या खणात पडलेले असत. पण नामांकित माणसं रोज थोडीच मरतात? एरवी मास्तर, नर्स, शिंपी, दुकानदार. घरच्यांना फोन करायचा, चार गोष्टी विचारायच्या आणि अर्ध्या रकान्यात एक आयुष्य बसवायचं.

इंग्रजी ही त्यांची आईच्या मांडीवरची भाषा. त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता आणि हात सढळ होता. अमका मेला, असं साधं वाक्य त्यांच्या लेखणीतून कधी उतरलं नाही. प्रत्येक जण अनंतात विलीन व्हायचा. प्रत्येकाचं हास्य प्रसन्न, प्रत्येकाची झुंज धीरोदात्त, आणि मागे राहणारी पोकळी तर ठरलेलीच. जो माणूस जन्मभर शेजाऱ्यांवर खेकसला, त्यालाही अखेरकर मनमिळाऊ करूनच वाटेला लावायचे.

"तुमच्या लेखातली सगळी माणसं मला एकाच आईची वाटतात," बायको एकदा म्हणाली होती.

त्यांनी ते हसण्यावारी नेलं. बायको परदेशातून आलेली. तिनं इंग्रजी शिकून घेतलं ते मोठेपणी, त्यांच्याशी लग्न ठरल्यावर. पुढे ती त्याच भाषेत भाजी आणू लागली, भांडू लागली, लेकीला झोपवू लागली. इंग्रजी लेखाबद्दल तिनं बोलावं म्हणजे काय, असं त्यांना मनातून वाटलं असणार. तिच्या भाषेचं म्हणाल तर ती घरात फोनपुरती होती. बहिणीचा फोन आला की तिचा आवाज चढायचा, हसू मोठं व्हायचं. अखेरकर कौतुकानं म्हणायचे, "झाली चिवचिव सुरू," आणि मधलं दार ओढून घ्यायचे. लेकीनं लहानपणी आईची भाषा शिकायचा हट्ट धरला, तेव्हा तेच म्हणाले होते की दोन भाषांनी पोरीचा गोंधळ उडेल, एक नीट येऊ दे.

वाईट नवरा म्हणावं तर तसंही नाही. सकाळचा चहा तेच करायचे. संध्याकाळी घरी आले की छत्री अडकवता अडकवता दारातूनच इंग्रजीत हाक द्यायचे, "आलो बरं का मी." ती आतून ओ द्यायची. एवढ्यावर संसार व्यवस्थित चालला होता.

मग एका सकाळी ती न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जिवावरचं निभावलं, पण एक बाजू लुळी पडली आणि नजर अधू झाली. समोरचा माणूस तिला धुरकट दिसे, ती आवाजावरून, बोलण्याच्या ढबीवरून ओळखायची. आणि इंग्रजी गेलं. धुऊन पुसून गेलं. डॉक्टरांनी समजावलं की मोठेपणी शिकलेली भाषा कधी कधी अशी जाते, लहानपणीची तेवढी राहते. ती परत येईल का, या प्रश्नावर त्यांनी नुसते खांदे उडवले.

घरी आणल्यावर ती बोलायची. खूप बोलायची, आणि बाप-लेक तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिला पाणी हवं असायचं, हे उशी सारखी करायचे. ती उशी मागायची, लेक खिडकी लावायची. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून रडायची. आईची शुश्रूषा करायला लेक नोकरीतून रजा काढून आली होती. एकदा स्वयंपाकघरात ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आईला काय हवंय ते आपल्या घरात एकालाही कळू नये?" त्यात टोमणा नव्हता, पण अखेरकरांना ते लागलं.

उतारवयात त्यांनी वर्ग लावला. ऑफिसच्या मागच्या गल्लीत, जुन्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत एक बाई ती भाषा शिकवायच्या. बाई तिकडच्याच. स्वभावानं कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "चपला आणि इंग्रजी दाराबाहेर ठेवा. घरी बोलायला कुणी असेल तर घरीही तेच. इंग्रजीचा एक शब्द तोंडातून गेला की मागचं सगळं पाण्यात." बाकीच्यांनी हसून मान डोलावली. अखेरकरांनी मात्र ते मनावर घेतलं.

सुरुवातीला नाकी नऊ आले. ज्या माणसाला एका मरणासाठी वीस पर्याय सुचायचे, त्याच्याकडे आता दोन ओंजळी शब्द होते, तेही तोंडात फिरत नसत. बाई म्हणाल्या, घराबद्दल सांगा. अखेरकर घाम पुसत उभे राहिले आणि अडखळत म्हणाले, "माझी बायको खिडकीजवळ बसते. तिला खिडकीबाहेरचं दिसत नाही. तरी ती तिथे बसते." पुढचं त्यांना येत नव्हतं. खाली बसताना त्यांच्या मनात आलं की इंग्रजीत हे सांगायचं असतं तर आपण अर्धा रकाना भरला असता, आणि त्यात ती खिडकी आली नसती.

तिथून त्यांना एक खोड लागली. ऑफिसात लेख लिहिताना एखादं भरजरी वाक्य उतरलं की ते थांबायचे. हे बायकोच्या भाषेत कसं सांगू, असं स्वतःला विचारायचे. अनंतात विलीन कसं व्हायचं ते त्यांना तिच्या भाषेत येत नव्हतं. धीरोदात्त येत नव्हतं. मग खरं काय झालं, ते आठवावं लागे. ते माहीत नसलं तर पुन्हा फोन करावा लागे. एका कुलूपवाल्यावर त्यांनी लिहिलं की तो दुसऱ्यांची दारं उघडायला भल्या पहाटेही जायचा आणि स्वतःच्या घराला मात्र कधी कुलूप लावायचा नाही. एका नर्सवर लिहिलं की तिला झोपलेल्या माणसाला उठवणं जिवावर यायचं, म्हणून ती औषध हातात घेऊन पलंगाशी उभी राहायची. फोनवर माणसं रडत काही सांगू लागली की आता ते मध्ये शब्द पुरवत नसत. न समजणाऱ्या भाषेसमोर बसून त्यांना गप्प राहून ऐकायची सवय झाली होती. आपलीच इंग्रजी त्यांना बाहेरच्या माणसासारखी ऐकू येऊ लागली, आणि तिच्यातला पोकळ भाग कुठे आहे ते कळू लागलं.

संपादकबाई जाणत्या होत्या. एक दिवस लेख हातात घेऊन त्या टेबलापाशी आल्या.

"काय खाता काय हल्ली? इतकी वर्षं तुमचे लेख छाटता छाटता माझी कात्री बोथट झाली. आता छाटायला काही उरतच नाही."

"भाषा शिकतोय," अखेरकर म्हणाले.

"इंग्रजी?"

सगळे हसले, अखेरकरही हसले. पुढे संपादकबाईंनी नव्या लेखकांना सांगायला सुरुवात केली की इंग्रजी नीट लिहायचं असेल तर आधी दुसऱ्या एखाद्या भाषेत मुके व्हा, अखेरकरांकडे बघा. वाचकांची पत्रं येऊ लागली. अखेरकरांना ते कौतुक घशाखाली उतरायचं नाही. बायको पडली म्हणून आपल्याला लिहिता येऊ लागलं, हा विचार आला की त्यांना पत्रं उघडवत नसत.

घरी मात्र सुखाचे दिवस आल्यासारखं झालं होतं. वर्गातल्या बाईंचा नियम पाळून अखेरकरांनी उंबऱ्याच्या आत इंग्रजी बंद केलं होतं. दारातली हाकसुद्धा बंद. लेकीशी बोलायचं तर बाहेरच्या जिन्यात. आत आले की खुर्ची ओढून बायकोजवळ बसायचे आणि तिच्या भाषेत विचारायचे, दुखतंय का, पाणी हवं का, लहानपणी घर कसं होतं. पहिल्यांदा ते तिच्या भाषेत बोलले तेव्हा तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता. मग ती सांगत सुटली. वडिलांची पिठाची गिरणी होती. भिंतींवर, भांड्यांवर, सगळ्यांच्या भुवयांवर पीठ. आई रागावली की गिरणी बंद झाल्यावर रागवायची, कारण आधी ऐकूच जायचं नाही. अखेरकर निम्मं समजून घ्यायचे, पुढे पुढे बरंचसं. हे सगळं आपण लग्नाआधीच का विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटायची.

बोलताना ती त्यांना एका शब्दानं हाक मारायची. लाडाचं काही असेल म्हणून तो मनात घोळवत त्यांनी वर्गात बाईंना विचारला.

"भाऊ," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे बायका परक्या पण भल्या माणसाला म्हणतात."

"नवऱ्याला म्हणत नाहीत?"

"नवऱ्याला कशाला भाऊ म्हणतील?" बाई हसल्या, आणि अखेरकरांचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं.

त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसले. तिच्या भाषेत त्यांनी विचारलं, "तुमचे मालक कुठे असतात?"

"हे ना?" ती खिडकीकडे वळली. "पेपरात लिहितात. मेलेल्या माणसांवर. रोज यायचे, दारातून हाक मारायचे. हल्ली येत नाहीत. मला इथे आणून ठेवलंय ते त्यांना ठाऊक नसेल. भाऊ, तुम्ही रोज बाहेर जाता, कुठे दिसले तर बघा ना."

"अगं, मीच तो," अखेरकर म्हणाले. "मी तुझा नवरा."

ती हसली. घरी आलेल्या पाहुण्याची थट्टा गोड मानून घ्यावी, तसं हसली. "काहीतरीच काय भाऊ. त्यांना आपल्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही."

मग अखेरकर म्हणाले, "भेटले तर काय निरोप देऊ?"

ती विचारात पडली. ओठ हलले, डोळे भरले. मग तिनं हात झटकला. "राहू द्या. त्यांना सांगून काय उपयोग? कळणार नाही त्यांना."

अखेरकर उठले. जिन्यात जाऊन ते भिंतीला टेकून रडले. लेक धावत आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. मग तोंड पुसून त्यांनी पायानं दार ढकललं, खुंटीवरची छत्री काढून पुन्हा अडकवली आणि इंग्रजीत हाक दिली, "आलो बरं का मी."

ती चटकन वळली. चांगल्या हातानं केस सारखे केले. रिकाम्या खुर्चीकडे बघून आपल्या भाषेत म्हणाली, "बघा भाऊ, म्हटलं नव्हतं मी? आले." अखेरकर जवळ जाऊन बसले, तेव्हा तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला, कॉलर चाचपली. आणि मग ती गप्प झाली. नवऱ्याशी बोलायची भाषा तिच्यापाशी उरली नव्हती. अखेरकरांना तर आता सगळं बोलता येत होतं, पण एक शब्द बोलले असते तर ते पुन्हा भाऊ झाले असते. तिचा हात हातात घेऊन ते तसेच बसून राहिले.

पुढे ती होती तोवर हाच क्रम राहिला. सकाळी भाऊ यायचे, तिचं सगळं ऐकून घ्यायचे. संध्याकाळी हे यायचे, दारातून हाक द्यायचे आणि गप्प बसायचे. भाऊंजवळ ती यांच्या तक्रारी करायची. चहा चांगला करतात हो, पण माझ्या आईला मी कोणत्या शब्दानं हाक मारायचे ते त्यांनी कधी विचारलं नाही. सगळ्या गावावर लिहितात, माझ्यावर काय लिहिणार? भाऊंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. कोणत्या शब्दानं, असं मग भाऊंनीच विचारलं, आणि तिनं सांगितलं.

ती थंडी सरताना गेली, झोपेत. दुपारी अखेरकर ऑफिसात आले आणि खुर्चीत बसून त्यांनी तिच्यावर लिहिलं. आधी तिच्या भाषेत, मग इंग्रजीत. त्यात पोकळी नव्हती, झुंज नव्हती. गिरणी होती, भुवयांवरचं पीठ होतं, गिरणी थांबल्यावर रागावणारी आई होती, आणि तिला मुलीनं मारलेली हाक होती. शेवटी दोनच ओळी होत्या. तिला दोन भाषा येत होत्या. तिच्या नवऱ्याला त्यातली एक उशिरा आली.

संपादकबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. कात्रीला हात लावला नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"किती जपून ठेवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "हे सगळं त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

"मला नाही सांगितलं," अखेरकर म्हणाले. "सकाळचे एक भाऊ यायचे तिच्याकडे, त्यांना सांगितलं."